बारावीनंतरची स्कॉलरशिप शोधताय? आधी फाईल बघा

भाचीला दहावीला ९४ टक्के पडले तेव्हा पेढे झाले, स्टेटस झाले, गल्लीतल्या मंडळाचा सत्कारपण झाला, आणि पुढची दोन वर्षं स्कॉलरशिपचं नाव कोणी काढलं नाही. बारावीचा निकाल लागला आणि ताईचा फोन, "अरे, हिला काय काय मिळतं ते बघ ना जरा." बघितलं तर मिळण्यासारखं बरंच होतं, पण कागद एक धड नव्हता. म्हणून हे खास दहावी-अकरावीवाल्यांसाठी लिहितोय, बारावीवाल्यांनी वाचलं तरी चालेल, फक्त पळापळीची तयारी ठेवा.

पहिली गोष्ट नाव. दाजींचं नाव आधारवर बाळासाहेब, रेशनकार्डावर बाळू आणि पोरीच्या दाखल्यावर बाळासो. तिन्ही माणसं एकच हे गावाला माहितीय पण कॉम्प्युटरला नाही ना. हे दुरुस्त करायला आमचा दीड महिना गेला, म्हणून आज रात्रीच सगळी कागदपत्रं पलंगावर पसरा आणि प्रत्येक स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी लावून बघा. मग उत्पन्नाचा दाखला, तो तहसीलदाराचाच लागतो, सेतूतून किंवा आपले सरकारवरून काढा आणि त्यावर लिहिलेली मुदत वाचा, कारण मुदत संपलेला दाखला जोडून फॉर्म परत आलेली पोरं मी डझनाने बघितलीत. डोमिसाईल, म्हणजे रहिवासी दाखला, एकदाच काढायचं. रिझर्व्हेशनमध्ये असाल तर कास्ट व्हॅलिडिटीचं, म्हणजे जातीचा दाखला तपासून घ्यायचं प्रकरण अकरावीतच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे टाका, निकालानंतर तिथे जत्रा असते.

आणि बँक! पासबुकाला आधार जोडलंय म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटतं, तसं नाहीये. सरकारी पैसा आधारला शेवटचं जे खातं सीड केलंय, म्हणजे सरकारी पैशासाठी बँकेने जोडलंय, त्या खात्यात जातो. भाचीचा पहिला हप्ता असाच गायब, आम्ही कॉलेजच्या क्लार्कशी भांडून आलो आणि नंतर कळलं की पैसे आठवीत शाळेने काढून दिलेल्या खात्यात पडलेत, ज्याचं पासबुक कुठंय ते देव जाणे. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटात दिसतं, फॉर्मच्या आधी बघा.

आता शोधायचं कुठे. गुगलवर नुसतं स्कॉलरशिप टाकलं की शंभर साईट येतात, त्यातल्या निम्म्या नुसता मोबाईल नंबर गोळा करतात. आधी दोनच पोर्टल धरा, राज्याचं महाडीबीटी आणि केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल.

महाडीबीटीवर एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्या पोस्ट मॅट्रिक योजना आहेत. ओपनवाले "आपल्याला काय मिळणार" म्हणून बघतच नाहीत, पण राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्यांना आहे, व्यावसायिक कोर्सची निम्मी ट्यूशन फी निघते. मुलींचं तर अजून भारी, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मेख अशी की ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की विषय संपला.

केंद्राच्या पोर्टलवर सेंट्रल सेक्टरची योजना आहे. बारावीला आपल्या बोर्डाच्या आपल्या स्ट्रीममध्ये वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर डिग्रीची पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० रुपये. मात्र ही घेतली तर दुसरी घेता येत नाही, त्यामुळे आधी कागदावर आकडेमोड करा, महाडीबीटीवर फी जास्त निघत असेल तर बारा हजारांच्या मागे कशाला लागायचं.

माझी आवडती मात्र इन्स्पायर, केंद्र सरकारची सायन्ससाठीची स्कॉलरशिप. बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्या पोरांनी बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सीला शुद्ध सायन्स घेतलं तर वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी. इंजिनिअरिंग, मेडिकलला नाही मिळत. आपल्याकडे हुशार पोरगं म्हणजे इंजिनिअरिंग हे ठरलेलंच, म्हणून ही बऱ्याच घरांत माहितीच नसते. पोराला फिजिक्स खरंच आवडत असेल तर हा आकडा घरच्यांसमोर ठेवा, चर्चेचा सूर बदलतो, अनुभव आहे.

खाजगीत रिलायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएशनसाठीची बघा, तिला ॲप्टिट्यूड टेस्ट असते. पुण्याकडच्या मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन. आणि गावाकडून पुण्याला शिकायला जाणार असाल तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहाची चौकशी आधी करा, कारण पुण्यात फीपेक्षा राहणं-खाणंच माणसाला मारतं.

पण खरा न बघितलेला पैसा जवळच असतो. वडील नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील तर कल्याणकारी मंडळाकडून मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते. शिवाय आईची पतसंस्था, वडिलांच्या कंपनीची युनियन, आपल्या समाजाचं मंडळ, तालुक्यातला एखादा ट्रस्ट. हे कुठल्याच पोर्टलवर नसतं, जाऊन विचारावं लागतं. अर्ज स्वतः पोराने लिहावा, एक पान, आणि त्यात "मी गरीब व होतकरू आहे" हे छापील वाक्य टाकू नये. भाचीने लिहिलं होतं की कॉलेजच्या बसपाससाठी आई दर महिन्याला दोन ब्लाऊज जास्त शिवते. तिला बोलावलं.

कोणी "प्रोसेसिंग फी" मागितली किंवा ओटीपी विचारला की फोन ठेवा. सायबर कॅफेत फॉर्म भरलात तर युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून आणा, तिथल्या दादाचा मोबाईल नंबर टाकू देऊ नका, पुढच्या वर्षी दादा दुकान बंद करून गेलेला असतो.

फॉर्म सबमिट केला की पंधरा दिवसांनी लॉगिन करत जा. "सेंड बॅक" आलं असेल तर कारण वाचून त्याच आठवड्यात दुरुस्त करायचं, मेसेज येईलच असं नाही. आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल असतं, हजेरी आणि मार्क दोन्ही बघतात. आमच्या भाचीचं यंदाचं बाकीच आहे, रविवारी बसतोय दोघं.