‘मराठी’त अक्षरं किती? जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकण्याची वाट

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ताईचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला. रॅम २ जीबी. चहा उकळून गाळून होईपर्यंत तो सुरू व्हायचा नाही, आणि कोड लिहायला एडिटर उघडला की पंखा घोंघावायला लागायचा. “घे गं, कपाटात पडूनच आहे,” ताई म्हणाली. त्याच लॅपटॉपवर मी सी भाषा शिकले. कॉलेजच्या लॅबमधल्या नव्या मशिनवर जे डोक्यावरून गेलं होतं, ते इथे समजलं, कारण मशिनवर गरजेपुरतंच ठेवलं की आत काय चाललंय ते दिसायला लागतं.

असे लॅपटॉप आता घरोघरी निघतील. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. भंगारात टाकण्याआधी पुढचं करून बघा.

आधी मशिन तपासा

लॅपटॉपमधले फोटो, कागदपत्रं, घरच्यांचे हिशेब सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या. कॉपी केलेल्या फाइल उघडतात का, तेही बघा. पुढे डिस्क पुसली जाणार आहे, तेव्हा हे काम उद्यावर टाकू नका.

मग प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा, ते पाहा. विंडोजच्या जागी मी डेबियन लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सुचवेन. १९९३ पासून ते स्वयंसेवक चालवतात, आणि जुन्या मशिनवर ते मुकाट्याने चालतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटसाठीचा इन्स्टॉलर बंद केला, त्यामुळे फार जुनं मशिन असेल तर डेबियन १२ घ्या. थोडे पैसे खर्च करता येत असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. एवढ्या खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

इन्स्टॉल करताना दोन जागी थांबा

डेबियनची नेटइन्स्ट नावाची छोटी प्रत उतरवा, रुफस किंवा बलेना एचर वापरून पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. वायफायसाठी लागणारं फर्मवेअर डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच असतं, त्यामुळे पूर्वीची मोठी डोकेदुखी गेली आहे.

बहुतेक प्रश्नांना सुचवलेलं उत्तर चालतं. रूटचा, म्हणजे मुख्य व्यवस्थापक खात्याचा, पासवर्ड विचारतील तिथे मात्र थांबा आणि तो रिकामा सोडा. असं केलं की सुडो ही व्यवस्थापकाचे अधिकार देणारी आज्ञा आपोआप बसते आणि तुमच्याच पासवर्डने व्यवस्थापनाची कामं होतात. दुसरं, शेवटी डेस्कटॉप निवडायला सांगतात तिथल्या सगळ्या खुणा काढा. फक्त ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ राहू द्या.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की काळा पडदा दिसेल आणि लॉगिन विचारणारी एक ओळ. बिघडलं काहीच नाही, सुरुवात इथूनच आहे.

काळ्या पडद्यावरचा पहिला आठवडा

पहिला आठवडा चित्रमय काहीही बसवू नका. सुरुवातीला ‘फ्री’ ही आज्ञा देऊन किती मेमरी लागते आहे ते बघा. माझ्याकडे २ जीबीपैकी शंभर-दीडशे एमबीच वापरात होती. ज्या मशिनला मी संथ म्हणत होते, ते रिकामं बसलं होतं.

मग एपीटीने, म्हणजे डेबियनच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आज्ञेने, चार गोष्टी बसवा: सीचा कंपायलर आणि मेक एकत्र देणारं बिल्ड-इसेन्शियल, व्हिम हा एडिटर, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आणि मॅनपेजेस-डेव्ह. यातलं शेवटचं कुणी सांगत नाही, पण मला सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडलं. सीच्या प्रत्येक फंक्शनची माहिती त्यामुळे ‘मॅन’ या आज्ञेने इंटरनेटशिवाय समोर येते.

व्हिमसाठी ‘व्हिमट्यूटर’ चालवा. अर्ध्या तासाचा धडा आहे, आठवडाभर रोज एकदा करा. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर का हलवायचा, हा प्रश्न पडेलच. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास मूळचा व्हीआय एडिटर लिहिला तेव्हा त्याच्यासमोरच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची चिन्हं याच चार कळांवर छापलेली होती. ती सवय टिकली, आणि बोटं मधल्या ओळीवरून उठत नाहीत म्हणून ती सोयीचीही आहे. व्हीआयची सुधारित आवृत्ती म्हणजे व्हिम, ती ब्राम मूलेनारने १९९१ मध्ये आणली.

गिट पहिल्या दिवसापासून वापरा. दहा ओळींचा प्रोग्रॅम असला तरी कमिट करा, म्हणजे त्याची नोंद ठेवा.

आता खरा प्रोग्रॅम

पाठ्यपुस्तकातले मूळ संख्यांचे प्रोग्रॅम जरूर करा, पण आपल्या भाषेतला एखादा प्रश्न घेतला की शिकणं अंगी लागतं. मी घेतलेला प्रश्न असा: ‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती?

मराठी दिसण्यासाठी चित्रमय पडदा लागतो, कारण काळ्या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. चित्रमय पडदा चालवणारे एक्सऑर्ग आणि एक्सइनिट, खिडक्या मांडणारा आयथ्री हा हलका विंडो मॅनेजर आणि नोटोचे फॉन्ट बसवा, मग ‘स्टार्टएक्स’ द्या. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डची मांडणी एक्सऑर्गमध्ये आधीपासूनच असते. काही टर्मिनलमध्ये वेलांट्या सुट्या पडलेल्या दिसतात, त्याची काळजी करू नका, फाइलमध्ये सगळं बरोबरच असतं.

एका फाइलमध्ये फक्त ‘मराठी’ लिहा. ‘ओडी’ या आज्ञेला फाइलमधले बाइट (० ते २५५ मधला एकेक आकडा) दशमान आकड्यांत मागितले की असं दिसतं:

२२४ १६४ १७४
२२४ १६४ १७६
२२४ १६४ १९०
२२४ १६४ १६०
२२४ १६५ १२८

(ओळी मी तोडल्या आहेत, पडद्यावर आकडे सलग येतात. शेवटी एक १० दिसेल, ती ओळ संपल्याची खूण.)

म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. प्रत्येकाला तीन बाइट. डोळ्याला अक्षरं ३ दिसतात, युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) हिशेबाने चिन्हं ५ आणि डिस्कवर बाइट १५. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले. लहानपणापासून लिहीत आलेला शब्द आतून असा असतो!

चिन्हांचे असे बाइट करण्याच्या पद्धतीचं नाव यूटीएफ-८. युनिक्स घडवणारा केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. त्यातली युक्ती वरच्या आकड्यांत दिसते: चिन्हाचा पहिला बाइट सोडला तर बाकीचे सगळे १२८ ते १९१ च्या दरम्यान असतात. म्हणून प्रोग्रॅम अगदी छोटा होतो. सीच्या गेटचार या फंक्शनने एकेक बाइट वाचायचा, तो १२८ ते १९१ मध्ये किंवा १० असेल तर सोडून द्यायचा, नसेल तर मोजणी एकने वाढवायची. उत्तर ५ यायला हवं.

मला १५ येत होते. वाचलेला बाइट मी सीच्या ‘चार’ (char) या प्रकारात ठेवला होता, आणि छापून पाहिलं तर २२४ च्या जागी उणे ३२! संध्याकाळ गेली त्यात. शेवटी ‘मॅन’ने गेटचारचं पान उघडलं. फंक्शन ‘इंट’ (int) या मोठ्या प्रकारात उत्तर परत देतं, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. माझ्या मशिनवर ‘चार’मध्ये उणे १२८ ते १२७ एवढंच मावतं, त्यामुळे २२४ मधून २५६ वजा होऊन उणे ३२ उरत होते, आणि १२८ च्या वरचा एकही बाइट माझ्या अटीत सापडत नव्हता. प्रकार इंट केला आणि ५ आले. ‘इंट’ आणि ‘चार’मधला फरक मी परीक्षेत लिहिला होता, पण समजला तो त्या संध्याकाळी.

काय बसवू नये, काय बसवावं

हलक्या यंत्रणेच्या नादात रंग, फॉन्ट आणि कोपऱ्यातली घड्याळं जुळवण्यात महिने जातात. मी तरी ठरवलंय की कॉन्फिगच्या फाइलीला आठवड्यातून एकदाच हात लावायचा. उलट, कॉलेजला ठरावीक साच्यात रिपोर्ट द्यायचा असेल तर लिब्रेऑफिस बसवा, त्यात कमीपणा नाही. ब्राउझर मात्र २ जीबीत सगळ्यात जड जातो. दोन-तीनच टॅब ठेवा आणि उत्तर शोधायला आधी मॅन पान उघडा.

५ आले की पुढचं काम ३ आणण्याचं. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही, आणि हलन्त आला की त्याच्या पुढचं व्यंजनही नाही. तपासायला ‘ज्ञानेश्वर’ घ्या: ३० बाइट, १० चिन्हं, आणि प्रोग्रॅमने सांगायला हवीत ४ अक्षरं.