औषध किंवा वैद्यकीय उपकरणामुळे इजा झाली? दावा करताना या चुका टाळा

औषधाने किंवा शरीरात बसवलेल्या उपकरणाने इजा झाली की घरची माणसे आधी रुग्णाकडे धावतात, आणि तसेच व्हायला हवे. मात्र त्याच धावपळीत दाव्याचा सर्वांत मोलाचा पुरावा बहुधा कचऱ्यात जातो. बिल जपून ठेवलेले असते. पण बिलाने खरेदी सिद्ध होते, प्रयोगशाळेत तपासायला गोळीच लागते. बॅच नंबर बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला असतो आणि गोळ्या कापून घेताना नेमके तेच टोक निघून जाते. म्हणून उरलेल्या गोळ्या, स्ट्रिप, खोके आणि आतले माहितीपत्रक एकाच पाकिटात घालून, वर तारीख लिहून ठेवावे.

उपकरणाच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. शस्त्रक्रिया करून काढलेला कृत्रिम सांधा कंपनी तपासणीसाठी मागते आणि रुग्णालयही तो सहज देऊन टाकते. तो देऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णालयाला लेखी कळवून भाग राखून ठेवायला सांगावे, कारण तो एकदा घासून-कापून तपासला गेला की झिजेच्या मूळ खुणा पुन्हा मिळत नाहीत. अशी तपासणी व्हायचीच असेल, तर ती दोन्ही पक्षांच्या संमतीने व्हावी. बसवताना केसपेपरवर चिकटवलेल्या लेबलची प्रतही मागून घ्यावी, कारण लॉट क्रमांक, म्हणजे उपकरण कोणत्या उत्पादन-तुकडीतले आहे तो क्रमांक, तिथेच सापडतो.

दुसरी चूक समजुतीची आहे. दुष्परिणाम झाला म्हणजे उत्पादन सदोष ठरले, असे होत नाही. दोष निर्मितीत असू शकतो, रचनेत असू शकतो किंवा दिलेल्या इशाऱ्यात असू शकतो, आणि आपला दावा यांपैकी कशावर उभा आहे हे आधी ठरवावे लागते. माहितीपत्रकात स्पष्ट नमूद केलेल्या दुष्परिणामासाठी इशारा अपुरा होता असे म्हणणे फारच कठीण जाते. उलट, कंपनीचा निष्काळजीपणा शोधण्यातच सारी शक्ती घालवण्याची गरज प्रत्येक देशात नसते. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले आणि 1961 मध्ये मागे घेतलेले थॅलिडोमाइड हे औषध हजारो बालकांच्या जन्मजात व्यंगांना कारणीभूत ठरले. पुढे सदोष उत्पादनांच्या जबाबदारीविषयीच्या 1985 च्या युरोपीय निर्देशाने, निष्काळजीपणा सिद्ध न करता, दोष, हानी आणि त्यांतील संबंध सिद्ध करणे पुरेसे मानले.

सरकारी मंजुरी आहे म्हणजे सगळे संपले, असेही समजू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वायथ कंपनीच्या खटल्यात औषधाच्या लेबलला मिळालेली मंजुरी हा कंपनीचा पुरेसा बचाव मानला नाही; पण त्याच न्यायालयाने 2008 मध्ये मेडट्रॉनिकच्या खटल्यात, विक्रीपूर्व मंजुरीची कडक छाननी पार केलेल्या उपकरणांविरुद्धचे, तिथल्या राज्यांच्या कायद्यांखालील बहुतेक दावे रोखले होते. औषध आणि उपकरण यांना एकच नियम लावून वकिलाकडे जाणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शंका आली म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणे ही तर जिवावर बेतणारी चूक आहे.

राहिली मुदत. भारतात ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत जावे लागते; 1985 च्या युरोपीय निर्देशात हानी, दोष आणि उत्पादक यांची माहिती झाल्यापासून 3 वर्षे, आणि उत्पादन बाजारात आल्यापासून एकूण 10 वर्षे, अशी दुहेरी मर्यादा आहे. त्यामुळे त्रासाचा संबंध उत्पादनाशी असल्याचे डॉक्टरांनी प्रथम सांगितले, तो दिवस निर्णायक ठरू शकतो. त्यांचे ते मत त्याच भेटीत, तारीख आणि सहीसह, लिहून मागावे.