हॉक डावीकडेच का पळत होतं?

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात, नवं हॉक जेट ट्रेनर घेतलं. आपल्या हवाई दलाची कसरती करणारी सूर्यकिरण टीम उडवते तेच, एकामागे एक दोन सीटवालं. पहिलं उड्डाण अर्थातच सोनेगावहून, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावरून, रनवे ३२. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे केला अन् विमान सरळ डावीकडच्या गवतात! ३२०० मीटरचा रनवे, मला तीनशेही मिळेनात.

वारा शून्यावर आणला. हॉकचं अ‍ॅड-ऑन (वरून टाकलेली फाइल) दोनदा काढून पुन्हा टाकलं. कूलरच्या वाऱ्यानं धूळ बसली असेल म्हणून पायानं विमान वळवायचे पेडलही पुसले. मुलगा म्हणे, "बाबा, तुम्हालाच जमत नाही." पण जुनी विमानं त्याच पेडलवर सरळ धावत होती, आणि खरा सुगावा तोच होता.

माझ्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानाची कंट्रोल सेटिंग वेगळी असते. नवं विमान आलं की तो जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला आपल्याच मनानं अ‍ॅक्सिस, म्हणजे कुठल्या हालचालीनं काय वळायचं ते काम, वाटून देतो. रडरच्या (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या पात्याच्या) ओळीत पाहिलं तर तीन नोंदी: पेडल, जॉयस्टिकचा पीळ आणि थ्रॉटलवरचा छोटा स्लायडर. हा स्लायडर एका टोकाला पडलेला, म्हणजे पूर्ण डावा रडर कायम दाबलेला!

पेडल ठेवले, बाकी दोन नोंदी पुसल्या. ब्रेकच्या ओळीतही हाच घोळ निघाला, तोही निस्तरला. पुढच्या खेपेला हॉक मधल्या पांढऱ्या रेषेवरून सरळ उठलं. उतरणं अजून जमत नाही, पण त्यात सेटिंगचा काही दोष नाही.