अमेरिकेतील चुरशीच्या महाविद्यालयांत प्रवेशाची शक्यता कशी जोखावी

एखादे महाविद्यालय शंभर अर्जांपैकी पाचच स्वीकारते असे वाचले की आपल्या पाल्याची शक्यताही पाच टक्के आहे, असे पालक धरून चालतात आणि अंदाज तिथेच चुकतो. तो आकडा सर्व अर्जदारांची सरासरी असतो. प्रशिक्षकाने आधीच हेरलेला खेळाडू आणि आर्थिक साहाय्य मागणारा परदेशी विद्यार्थी त्यात एकत्रच मोजलेले असतात. म्हणून आपला विद्यार्थी यांपैकी कोणत्या रांगेत उभा आहे, हे आधी ठरवावे.

त्यासाठी अनेक महाविद्यालये दरवर्षी प्रसिद्ध करतात तो ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे प्रवेश, साहाय्य वगैरेंच्या आकडेवारीचा ठरावीक साच्यातला तक्ता, उघडावा आणि त्यातील ‘सी’ विभाग सावकाश वाचावा. समजा, एका महाविद्यालयाकडे २०,००० अर्ज आले आणि १,००० जणांना प्रवेश मिळाला. त्यांपैकी अर्ली डिसिजनचे, म्हणजे निवड झाल्यास तिथेच जाण्याची हमी देणारे अर्ज २,००० होते आणि त्यांतून ४०० जण निवडले गेले. मग नियमित फेरीत उरलेल्या १८,००० अर्जांमागे जागा ६०० राहतात, म्हणजे प्रमाण जेमतेम साडेतीन टक्क्यांच्या आत येते. मात्र अर्ली डिसिजनचे वीस टक्केही जसेच्या तसे आपले मानू नयेत, कारण हेरलेले खेळाडू बहुधा याच फेरीत असतात.

याच विभागात एसएटी या प्रवेशासाठीच्या चाचणीच्या गुणांचा मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचा पट्टा दिलेला असतो. जिथे गुण कळवणे ऐच्छिक असते, तिथे कमी गुणांचे विद्यार्थी ते कळवतच नाहीत, त्यामुळे हा पट्टा प्रत्यक्षाहून वर सरकलेला दिसतो. धोरणेही वेगवेगळी आहेत: एमआयटीने २०२२ मध्ये चाचणी पुन्हा सक्तीची केली, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश ठरवताना हे गुण पाहतच नाही. शिवाय गुण पट्ट्याच्या वरच्या टोकाला असले तरी अतिचुरशीच्या ठिकाणी त्यामुळे अर्ज केवळ विचारात घेण्याजोगा ठरतो. शाळेत जे कठीण विषय उपलब्ध होते, त्यांपैकी विद्यार्थ्याने किती घेतले, हे तिथे फार बारकाईने पाहिले जाते.

परदेशी विद्यार्थ्यासाठी पैशाचा प्रश्न मला सर्वांत निर्णायक वाटतो आणि तोच घरोघरी शेवटी निघतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट येथे साहाय्याची मागणी परदेशी अर्जदाराच्याही निवडीआड येत नाही; इतर बहुतेक ठिकाणी ती येऊ शकते. त्यासाठी त्याच ‘कॉमन डेटा सेट’च्या ‘एच’ विभागात किती परदेशी विद्यार्थ्यांना महाविद्यालयाने सरासरी किती रक्कम दिली ते पाहावे आणि आपण वर्षाला किती देऊ शकतो, हा आकडा यादी करण्यापूर्वीच मुलासमोर ठेवावा.

अर्जांची संख्या वाढवून शक्यता तितकीच वाढत नाही. पाच टक्क्यांच्या दहा ठिकाणी अर्ज केले तर किमान एका प्रवेशाची शक्यता कागदावर सुमारे ४० टक्के निघते. पण हे गणित दहाही निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. प्रत्यक्षात तेच गुणपत्रक, त्याच शिक्षकांची शिफारसपत्रे आणि बहुधा तोच मुख्य निबंध सगळीकडे जातो, त्यामुळे एका ठिकाणी जाणवलेली उणीव दुसरीकडेही जाणवते. म्हणून निम्म्याहून अधिक अर्जदारांना प्रवेश देणारी, खर्च झेपणारी आणि विद्यार्थ्याला मनापासून आवडलेली किमान दोन महाविद्यालये आधी निश्चित करावीत आणि चुरशीची नावे त्यानंतरच यादीत घालावीत.