मराठवाड्यात चीज करताय? मग या चुका टाळा

यूट्यूबवर चीजचे व्हिडीओ बघितले की सगळं एकदम सोपं वाटतं. दूध घ्या, कल्चर (चीजचं विरजण) टाका, रेनेट (दूध जमवणारं एन्झाइम) टाका, कापा, दाबा, झालं. पण व्हिडीओवाला बसलेला असतो कुठंतरी थंड डोंगरात आणि आपण बसलोय मे महिन्यात लातूर नाहीतर परभणीला, लाईट गेलेली, टाकीत टँकरचं पाणी. इकडं ज्यांचं ज्यांचं चीज बिघडलेलं बघितलं त्यात रेसिपी चुकलीय असं फार कमी वेळा निघालं, बहुतेक वेळा दूध, पाणी नाहीतर गर्मी यातलंच काहीतरी निघतं. म्हणून रेसिपीची वही जरा बाजूला ठेवा.

दूध उकळून घेणे

ही आपल्याकडची एक नंबरची चूक. दूध आलं की तापवायचं, तेही वर येईपर्यंत, ही सवय हाडात बसलेली आहे. पनीरला ते चालतं कारण तिथं दूध आंबट टाकून फाडतो. चीजमध्ये रेनेटनं दूध जमवायचं असतं आणि उकळलेल्या दुधात मठ्ठ्यातलं (म्हणजे दूध जमल्यावर सुटणाऱ्या पाण्यातलं) प्रोटीन केसीनला, म्हणजे जमणाऱ्या प्रोटीनला, जाऊन चिकटतं, मग रेनेटला काम करायला जागाच राहत नाही. तासभर थांबलं तरी पातेल्यात नुसतं लिबलिबीत काहीतरी. मग लोक रेनेट वाढवतात, तरी जमत नाही, आणि चुकून जमलंच तर रेनेट जास्त पडल्यामुळं चीज महिन्याभरानं कडू लागतं.

63 डिग्रीला 30 मिनिटं धरा आणि लगेच थंड करा, बस, यालाच पाश्चराइज करणं म्हणतात. टेट्रापॅकमधलं लाँग लाइफ दूध तर घेऊच नका, ते आधीच फार जास्त तापवलेलं असतं. पिशवीचं दूध चालतं पण दही (रेनेटनं जमलेलं दूध) मऊ पडतं, तिथं 10 लिटरला 2 ग्रॅमच्या आत कॅल्शियम क्लोराईड उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून टाका. म्हशीच्या ताज्या दुधाला सहसा त्याची गरज लागत नाही.

आणि कच्च्या दुधाचं चीज म्हणजे खरं चीज असं कुणीतरी सांगतंच. सांगू द्या. आपल्याकडं जनावरांत ब्रुसेलोसिस नावाचा रोग आहे आणि तो कच्च्या दुधातून माणसाला होतो. अमेरिकेत कच्च्या दुधाचं चीज किमान 60 दिवस मुरवायचा नियम आहे, तो सांगून लोक ताजं कच्चं चीज विकायला निघतात, म्हणजे नियम अर्धाच वाचलेला असतो.

कल्चर चालत नाही म्हणून कल्चरला शिव्या देणे

पाकीट महागडं, कुरिअरनं मागवलेलं, टाकलं, चार तास झाले, आंबटपणा काही येईना. लगेच दुकानदाराला फोन. थांबा, आधी दूध कुणाकडून आलं ते बघा.

दोन गोष्टी असतात. एक म्हणजे दगडी (कासेची सूज) झालेल्या म्हशीच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडलेली असते आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस न पाळता दूध कॅनमध्ये घातलेलं असतं. औषध कासेतले जंतू मारतं तसं तुमचं कल्चरपण मारतं, त्याला काय कळतंय कोणते जंतू चांगले. दुसरी म्हणजे सोडा. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून गोळा करणारे कधीकधी सोडा टाकतात, मग दूध टिकल्यासारखं वाटतं पण त्यात कल्चर रखडतं आणि रेनेटपण उशिरा लागतं. सोड्यासाठी रोझॉलिक अ‍ॅसिडची टेस्ट मिळते, दुधात टाकल्यावर गुलाबी लालसर झालं की समजून जा.

पैसे न लागणारी टेस्टपण आहे. प्रत्येक शेतकऱ्याचं दूध वाटीभर वेगळं काढा, कोमट करून त्यात सारखंच चमचाभर विरजण लावा. बाकीच्या वाट्या लागल्या आणि एकच लागली नाही तर त्या दुधात काहीतरी आहे. नवीन माणसाकडून दूध सुरू करताना हे आठवडाभर रोज करा. आणि त्या माणसाशी भांडू नका, औषध दिलं की दूध वेगळं ठेव, मी त्या दिवसांचे थोडे पैसे देतो असं ठरवून टाका, कारण तो दूध फेकून देणार नाही, कुठंतरी घालणारच.

मुरघास

हा मुद्दा कुणी सांगत नाही म्हणून जरा लांब लिहितोय. गेल्या काही वर्षांत आपल्याकडं मुरघासाच्या (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा सगळीकडं झाल्या, दुष्काळी भागात ते वरदानच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुरघास नीट दाबला नसेल, माती गेली असेल, कडेनं सडला असेल तर त्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू शेणातून सडावर आणि तिथून दुधात येतात, आणि पाश्चरायझेशननं ते मरत नाहीत.

ताज्या चीजमध्ये तुम्हाला याचा पत्ताच लागणार नाही. घट्ट चीज मुरायला ठेवलं की मात्र काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, चक्की फुगते, आतून फाटते, कापली की उलटीसारखा वास. तोपर्यंत दूध, मजुरी, वीज सगळं गेलेलं असतं. इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो आणि फ्रान्समधलं कॉम्ते, या मुरवलेल्या चीजसाठी दूध देणाऱ्या गायींना मुरघास द्यायला बंदी आहे, ती उगाच नाही. तुम्हाला मुरवलेलं चीज करायचं असेल तर कडबा आणि हिरव्या वैरणीवरच्या जनावरांचं दूध वेगळं घ्या. ते जमत नसेल तर मुरवायच्या नादाला लागू नका.

चीज एक-दोन दिवसांतच फुगलं, स्पंजसारखी बारीक भोकं पडली, तर ते वेगळं प्रकरण, ते कोलिफॉर्म जंतू, म्हणजे शेणाचा हात, घाण कॅन, नाहीतर पाश्चराइज केल्यावर परत हात घातलेला. असलं चीज चाखूनसुद्धा बघू नका, टाकून द्या.

पाणी

रेनेट पाण्यात पातळ करून टाकायचं असतं. आता आपल्याकडं टाकीत काय असतं? टँकरचं पाणी, त्यात टीसीएल पावडर. क्लोरीननं रेनेट तिथल्या तिथं मरतं आणि तुम्ही बसता पातेल्याकडं बघत. पाणी उकळून गार करून घ्या, कपभर तर लागतं. रेनेट टाकल्यावर मिनिटभर हलवा आणि मग हात लावू नका. जमलं का जमलं का म्हणून पातेलं हलवणारे भरपूर आहेत. सुरी तिरकी घालून उचलायची, चीर स्वच्छ फाकली आणि त्यात हिरवट पिवळं पाणी आलं की कापायची वेळ झाली.

भांडी धुताना पाणी वाचवायचं म्हणून सुरुवातीलाच कडक गरम पाणी ओततात, त्यानं दुधाचं प्रोटीन भांड्याला शिजून बसतं आणि मग घासायला दुप्पट पाणी. आधी गार किंवा कोमट, मग साबण आणि गरम. अ‍ॅल्युमिनियमची पातेली नकोत, आंबट मठ्ठा ती खातो. स्टील घ्या.

तळघर आहे म्हणून चेडार लावणे

गावात जुना वाडा असतो, माळवदाचं घर असतं, अंगणात बुजवलेलं पेव असतं. आणि कुणाच्या तरी डोक्यात येतं की फ्रान्समध्ये रोकफोर नावाचं चीज गुहेत मुरवतात, आपणपण तळघरात मुरवू. कल्पना भारी आहे पण हिशोब बसत नाही. जमिनीत खोल गेलं की तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ येऊन थांबतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी ही सरासरी 10-12 डिग्री आहे, म्हणून त्यांच्या गुहा थंड. आपली सरासरी 25-27 च्या आसपास. म्हणजे पेव असो नाहीतर वेरूळची लेणी, बाहेरच्या 43 पुढं आत गेल्यावर आपल्याला गार वाटतं, चीजला नाही वाटत. त्याला 10 ते 13 डिग्री पाहिजे आणि हवेत 80-90 टक्के ओल, जी इथं मेमध्ये स्वप्नात पण नसते.

त्यामुळं जुना फ्रिज घ्या, त्याला बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावा, चीज झाकणाच्या डब्यात ओलं फडकं घालून ठेवा. पंख्याचे फ्रॉस्ट फ्री फ्रिज हवा जास्तच कोरडी करतात, त्यात उघडं ठेवलं तर सालीला तडे जातात आणि तड्यातून बुरशी आत. तडे दिसले म्हणजे ओल कमी, चिकट थर आला म्हणजे ओल जास्त किंवा मीठ कमी. घट्ट चीजवर वरवर हिरवी-निळी बुरशी आली तर मिठाच्या पाण्यात व्हिनेगर घालून पुसा. मऊ ताज्या चीजवर आली तर सगळंच फेका, कापून खाऊ नका. आणि लाईट आठ-आठ तास जात असेल तर इन्व्हर्टरचा खर्च भावात धरलाय का ते बघा, बहुतेकांनी धरलेला नसतो.

मग करायचं काय

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं मुरवायचं नावच काढू नका. म्हशीचं दूध आहे ना, मोझरेला करा, इटलीतला नावाजलेला बुफाला मोझरेला म्हशीच्याच दुधाचा असतो. त्यात एकच जागा चुकण्याची: ताणायची वेळ. दह्याचा पीएच (आंबटपणाचं माप) 5.2 च्या आसपास आला की 80 डिग्रीच्या पाण्यात तुकडा टाकून ओढून बघायचा. तुटला तर अजून थांबा, रेशमासारखा ओढला गेला तर लगेच सगळं ताणायला घ्या, चहा प्यायला जाऊ नका. उन्हाळ्यात खोलीतच 40 असतं, हे कल्चर गर्मीत पळतं, त्यामुळं ही वेळ पटकन निघून जाते आणि मग दही परत तुटायलाच लागतं. तेव्हा दर दहा मिनिटांनी तुकडा.

हलुमीसारखं चीज तर आपल्यासाठीच केल्यासारखं आहे. कल्चर लागत नाही, दाबलेल्या वड्या 90 डिग्रीच्या वर मठ्ठ्यातच शिजवायच्या आणि मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, तव्यावर वितळत नाही. वड्या बुळबुळीत झाल्या तर मिठाच्या पाण्यात कॅल्शियम कमी पडलंय, थोडं कॅल्शियम क्लोराईड आणि व्हिनेगर घाला.

उस्मानाबादी शेळी ज्यांच्या दारात आहे त्यांनी शेळीचं मऊ चीज करून बघावं. दूध कमी देते हे खरं, पण नग छोटा आणि भाव बरा. हे दही 20-22 डिग्रीला रात्रभर हळू लागायला पाहिजे, म्हणून थर्माकोलच्या पेटीत गार पाण्याच्या बाटल्या ठेवून लावा, नाहीतर दाणेदार आणि आंबटढोण होतं. उग्र वास येत असेल तर आधी बोकड कुठं बांधलाय ते बघा, धार काढायच्या जागेपासून लांब बांधा. कारळाची चटणी, जवस, काळा मसाला लावून हे चीज झकास लागतं. फक्त मसाला कोरडा आणि भाजलेला पाहिजे. ओली मिरची, ओला लसूण घालून तेलात बुडवून बरणी भरायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, तेलातल्या ओल्या लसणात बोट्युलिझमचा धोका असतो, ते जिवावर बेततं.

पैशाचं

भूम-परंड्याकडच्या खवा करणाऱ्यांना हे लगेच कळेल. म्हशीच्या पाचेक लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, घट्ट चीजला मात्र किलोला 8 ते 10 लिटर जातं. दूध 60 रुपये धरलं तर 500-600 रुपये नुसत्या दुधाचे, त्यात गॅस, मीठ, पॅकिंग, बिघडलेला माल, आणि मुरताना वजन घटतं ते वेगळंच. आणि लोक भाव काढतात दुकानातल्या पाकिटाकडं बघून. चौकातल्या पिझ्झाच्या गाडीवर बऱ्याचदा पामतेलाचं अ‍ॅनालॉग (चीजसारखं दिसणारं नकली चीज) असतं, त्याच्याशी भावात लढायला जाऊ नका, तो गिऱ्हाईक तुमचा नाहीच. संभाजीनगरची हॉटेलं, कॅफे, पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं, तिथं सॅम्पल द्या. एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी आधी करा, सॅम्पल वाटून झाल्यावर नाही. पाकिटावर तारीख टाका, शाकाहारी रेनेट लिहा, पहिला प्रश्न तोच येतो.

मठ्ठा गटारात सोडू नका, 10 लिटर दुधातून जवळजवळ 9 लिटर निघतो, दोन दिवसांत वास सुटतो आणि शेजारी भांडायला येतात. त्याच दिवशी गोड असताना 90 डिग्रीपर्यंत तापवून थोडं व्हिनेगर टाकलं तर रिकोटा मिळतो, थोडाच मिळतो पण मिळतो. बाकीचा भाकरीच्या पिठात, उरलेला जनावरांना, एकदम जास्त नको, पोट बिघडतं.

पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवा, थर्माकोल आणि जेलच्या पिशव्या घालून, आणि शुक्रवारी शक्यतो नको, कारण शनिवारी पोचलेला डबा हॉटेलच्या काउंटरवर तसाच पडतो, वीकेंडच्या गर्दीत कुणी उघडत नाही आणि सोमवारी फोन तुम्हाला येतो.