गावच्या पडद्यावर काउंटर-स्ट्राइकचा मेजर : सामना कसा लावावा, कसा वाचावा आणि दाद कशी द्यावी

विदर्भातल्या खेड्यांत शूटर खेळ म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे मोबाइलवरचा बीजीएमआय येतो. संगणकावरचा काउंटर-स्ट्राइक त्यांच्यापैकी फार थोड्यांनी खेळलेला असतो. तरीही सगळ्या गावाने एकत्र बसून एखादा व्यावसायिक सामना पहिल्यांदा पाहायचा असेल, तर मी काउंटर-स्ट्राइकच सुचवीन. बीजीएमआयच्या स्पर्धेत एकाच वेळी १६ संघांचे ६४ खेळाडू मैदानात असतात आणि कॅमेरा सतत एका चकमकीवरून दुसरीकडे उडी मारतो. त्यामुळे ज्याने तो खेळ कधी हातात धरलेला नाही, त्याला कोण कोणाला का मारतो आहे हे उमगेपर्यंत फेरी संपून जाते. काउंटर-स्ट्राइकमध्ये पाच विरुद्ध पाच अशी सरळ झुंज असते, दोनच बाजू असतात आणि प्रश्नही एकच असतो : बॉम्ब लागतो आणि फुटतो की नाही. कबड्डी पाहत आयुष्य घालवलेल्या काकाजींनाही हा प्रश्न लगेच कळतो. मात्र त्यांच्या तोंडून योग्य क्षणी आरोळी निघायला हवी असेल, तर गोळी सुटण्याआधी काय पणाला लागले आहे हे त्यांना कोणीतरी समजावून दिले पाहिजे. ते काम आयोजकाचे आहे.

पहिली निवड सामन्याची. मेजर ही या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा असून ती २०१३ साली स्वीडनमधल्या योनशोपिंग येथे सुरू झाली. २०२५ मध्ये जूनमध्ये ऑस्टिनला आणि डिसेंबरमध्ये बुडापेस्टला, असे दोन मेजर झाले. आपल्याकडे जूनमध्ये पेरणीची धावपळ असते आणि डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी, म्हणून रोज रात्री माणसे जमवण्याचा हट्ट धरू नये. प्राथमिक टप्प्यात १६ संघ असतात. तीन सामने जिंकणारा पुढे जातो आणि तीन हरणारा बाहेर पडतो. हा भाग हौशी मुलांनी आपापल्या मोबाइलवर पाहावा. गावासाठी आठ संघांची बाद फेरी ठेवावी, आणि एकच दिवस मिळणार असेल तर अंतिम सामना.

वेळेचा हिशेब आधी मांडावा. मध्य युरोपातली घड्याळे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेचार तास, त्यामुळे तिथला संध्याकाळचा सामना आपल्याकडे रात्री येतो. ऑस्टिन जिथे आहे त्या टेक्सासमधली दुपार आपल्याकडे मध्यरात्रीकडे सरकते. २०२४ चा मेजर जिथे झाला ते शांघाय मात्र आपल्या अडीच तास पुढे आहे, म्हणून तिथले सामने घरच्यांना सर्वांत सोयीचे पडतात. तीन नकाशांपैकी (नकाशा म्हणजे खेळातले एक मैदान) दोन जिंकायचे असा सामना दोन ते तीन तास सहज चालतो, आणि बुडापेस्टच्या अंतिम सामन्यासारखी पाच नकाशांची पद्धत असेल तर त्याहून कितीतरी अधिक. मुली आणि लहान मुले येणार असतील तर ते घरी कोणासोबत आणि केव्हा परततील, हे निमंत्रण देतानाच ठरवून घ्यावे. हा खेळ युरोपात १८ वर्षांवरील वयासाठी वर्गीकृत आहे आणि पडद्यावर रक्त दिसते, हेही पालकांना आधी स्पष्ट सांगावे.

जागेसाठी समाजमंदिर, वाचनालय किंवा शाळेचा वर्ग चालतो. सरपंच किंवा मुख्याध्यापकांची परवानगी मात्र लेखी घ्यावी. प्रोजेक्टर मंडप-डेकोरेशनवाल्याकडे भाड्याने मिळतो. पडद्याजवळचे दिवे मालवावेत, कारण या खेळातले काही नकाशे गडद आहेत आणि उजेडात त्यांतला खेळाडू भिंतीपासून वेगळा ओळखू येत नाही. वीज गेली तरी प्रोजेक्टर आणि राउटर चालू राहतील एवढा इन्व्हर्टर लागतो. ७२० पिक्सेलच्या चित्राला तासाला साधारण एक ते दीड जीबी डेटा लागतो, त्यामुळे दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या एका मोबाइलच्या भरवशावर अंतिम सामना लावू नये. ग्रामपंचायतीत फायबरची जोडणी चालू असेल तर तिची मागणी करावी. आदल्या दिवशी नेमक्या त्याच वेळी तासभर चाचणी घ्यावी, कारण संध्याकाळी टॉवरवर भार वाढतो आणि दुपारी सुरळीत चाललेले चित्र रात्री अडखळते. प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळापेक्षा मागे चालते, त्यामुळे गुणफलक दाखवणारी संकेतस्थळे आणि मित्रांचे संदेश पडद्याच्या पुढे धावतात. सर्वांना मोबाइल खिशात ठेवायला सांगावे. एकाने निकाल आधी फोडला की पन्नास जणांची रात्र वाया जाते.

आता मुख्य भाग. सामन्याआधी वीस मिनिटे काढून फळ्यावर नकाशा काढावा. मिराज किंवा इन्फर्नो यांपैकी एक काढला तरी पुरे. दोन ठिकाणी ए आणि बी लिहावे, कारण बॉम्ब फक्त या दोन जागी लावता येतो. हल्लेखोर संघाने बॉम्ब लावून तो फुटेपर्यंत राखायचा असतो किंवा समोरच्या पाचही जणांना मारायचे असते; बचाव करणाऱ्या संघाने ते होऊ द्यायचे नसते. फेरी १ मिनिट ५५ सेकंदांची असते आणि तेवढ्या वेळात बॉम्ब लागला नाही तर बचाव जिंकतो. १२ फेऱ्यांनंतर बाजू बदलतात आणि जो आधी १३ फेऱ्या जिंकतो, त्याचा नकाशा. १२-१२ झाले तर जादा फेऱ्या. नियम इतकेच सांगावेत. बाकीचे पाहता पाहता कळतात.

यानंतर पैसा समजावावा, कारण माझ्या मते हा सामना बंदुकीइतकाच पैशावर चालतो आणि नवखा प्रेक्षक नेमका तिथेच चुकतो. अर्ध्याच्या पहिल्या फेरीत प्रत्येकाकडे खेळातले ८०० डॉलर असतात, म्हणून ती फेरी पिस्तुलांची. फेरी जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला ३,२५० किंवा ३,५०० डॉलर मिळतात. हरणाऱ्याला १,४०० पासून सुरू होऊन सलग पराभवांबरोबर ३,४०० पर्यंत वाढणारी मदत मिळते. एके-४७ ची किंमत २,७०० आहे, शिरस्त्राणासह चिलखत १,००० आणि वर धूर, डोळे दिपवणारे आणि आगीचे गोळे. म्हणजे नीट तयारी करायची तर माणशी चार हजारांच्या पुढे खर्च येतो, आणि दूरवरून एका गोळीत माणूस पाडणारी एडब्ल्यूपी हवी असेल तर तिचेच ४,७५० लागतात. हरून पैसे कमी पडलेला संघ बहुधा एखाद्या फेरीत जवळपास काहीच विकत घेत नाही आणि पुढच्या फेरीसाठी पैसे राखतो. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. बी-बियाण्याचे पैसे कुठे अडकले आणि हातात किती उरले, हा हिशेब तो दर हंगामात करतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पडद्याच्या दोन्ही बाजूंना खेळाडूंच्या नावापुढे रक्कम दिसते. समालोचकाने ती मोठ्याने वाचावी आणि कोणता संघ पूर्ण तयारीने आला आहे व कोणता पिस्तुलांवर उभा आहे, एवढेच सांगावे. पिस्तूलवाल्या संघाने ती फेरी मारली की मग आरोळी आपोआप उठते, कारण काय अशक्य होते हे आता सगळ्यांना ठाऊक असते.

याच हिशेबातून सर्वांत जास्त गैरसमज होणारा प्रसंग येतो. बॉम्ब लागला आहे, बचावाचा एकटाच उरला आहे, समोर चौघे आहेत आणि तो बॉम्बकडे न जाता दूरच्या कोपऱ्यात लपतो. मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, “अबे, पळून काहून रायला हा?” तेव्हा समालोचकाने लगेच सांगावे की तो बंदूक वाचवतो आहे. हरलेल्या फेरीतून जिवंत राहिलेला खेळाडू आपली बंदूक पुढच्या फेरीत घेऊन जातो आणि संघाचा मोठा खर्च वाचतो. एडब्ल्यूपीसारखे शस्त्र असेल तर ती फेरी सोडून देणेच बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. हे एकदा पटले की तेच प्रेक्षक पुढच्या वेळी त्याला शोधायला निघालेल्या विरोधकांवर डोळा ठेवतात आणि लपलेला माणूस सापडतो की नाही, यावर श्वास रोखून बसतात.

बॉम्ब लागल्यावर घड्याळ बदलते. तो ४० सेकंदांत फुटतो. निकामी करायला नुसत्या हाताने १० सेकंद लागतात आणि ४०० डॉलरचा संच जवळ असेल तर ५. शेवटचे दहा सेकंद उरले आणि संच नसलेला खेळाडू अजून बॉम्बपर्यंत पोचला नाही, तर फेरी गेली. पाचच्या आत तर संचही कामाचा नाही. म्हणून बॉम्ब लागताच एका मुलाने मोबाइलच्या घड्याळावर मोजणी धरावी आणि तीस सेकंद झाले की हात वर करावा. या एका खुणेने न खेळलेला प्रेक्षकही जाणत्याइतकाच ताणलेला राहतो. आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी : बॉम्ब लागल्यानंतर सगळे हल्लेखोर मेले तरी फेरी संपत नाही, बॉम्ब निकामी करावाच लागतो.

प्रत्यक्ष रंगभवनातला प्रेक्षक कसा वागतो, हे पाहणेही शिकण्यासारखे आहे. पोलंडमधल्या काटोवित्सेचे स्पोडेक २०२५ पर्यंत या खेळाचे मोठे ठाणे होते आणि जर्मनीतल्या कोलोनचे लँक्सेस अरेना हेही तसेच मोठे ठाणे आहे. तिथल्या प्रेक्षकांना मोठ्या पडद्यावर दोन्ही संघ भिंतीपलीकडूनही दिसतात, पण खेळाडूंना दिसत नाहीत. एखादा खेळाडू बेसावधपणे दबा धरलेल्या शत्रूकडे चालला की हजारो लोक आधीच हुंकारतात, आणि तो आवाज खेळाडूपर्यंत पोचला तर ती एक प्रकारे चुगलीच ठरते. म्हणून खेळाडू कानात इअरफोन घालून त्यावर आवाज अडवणारा हेडसेट लावतात आणि आयोजक प्रेक्षकांना जागा ओरडून न सांगण्याची विनंती करतात. आपल्या समाजमंदिरातला आवाज कोलोनपर्यंत जाणार नाही, तेव्हा इथे मनमोकळे ओरडावे. पण पुढेमागे तालुक्याला मुलांची स्पर्धा भरली आणि खेळाडू समोरच बसले, तर हीच सवय अन्यायाची होईल. मुलांना हा फरक आत्ताच सांगावा.

समालोचन मराठीत व्हावे, असे मला मनापासून वाटते. प्रक्षेपणातल्या इंग्रजी आवाजाची पातळी अर्ध्यावर आणून गावातल्याच माणसाच्या हाती माइक द्यावा. तळेगाव दशासरसारख्या ठिकाणच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या पुकारणाऱ्यांनी कान तयार केलेले आपले लोक आहेत. वेगाने आणि नेमके बोलणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. त्याच्या शेजारी खेळ जाणणारा एक मुलगा बसवावा. पुकारणाऱ्याने आवाजाचा चढ-उतार सांभाळावा, मुलाने पैसा, वेळ आणि जागा सांगावी. खेळाडूंची नावे आधी पाठ करून घ्यावीत. २०२४ च्या शांघाय मेजरमध्ये टीम स्पिरिटचा डाँक अवघ्या १७ व्या वर्षी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ही एक ओळ सांगितली तरी अकरावी-बारावीची मुले पुढे सरकून बसतात.

बाजू कोणती घ्यायची, हेही सामना सुरू होण्याआधी ठरलेले बरे, कारण तटस्थ प्रेक्षकाला मजा अर्धीच मिळते. ऑस्टिनच्या मेजरमध्ये मंगोलियाचा द मंगोल्झ हा अंतिम सामन्यात पोचलेला पहिला आशियाई संघ ठरला आणि फ्रान्सच्या व्हायटॅलिटीकडून २-१ ने हरला. असा संघ मैदानात असेल तर आपल्या लोकांना आपलेपणा लगेच वाटतो. आणि कोणी मध्येच उठून “आता काय राहिलं बाप्पा, झालंच” म्हणत चपला शोधू लागले, तर त्याला जानेवारी २०१८ चा बॉस्टनचा अंतिम सामना सांगावा. तेव्हा नकाशा जिंकायला १६ फेऱ्या लागत. तिसऱ्या नकाशावर फेझ हा संघ १५-११ ने पुढे होता, त्याला एकच फेरी हवी होती. क्लाउड नाइनने सलग चार फेऱ्या मारून बरोबरी साधली आणि दुसऱ्या जादा डावात २२-१९ ने जिंकून उत्तर अमेरिकेचा पहिला मेजर घरी नेला.

पराभवानंतरची दाद हा सर्वांत नाजूक भाग आहे. सामना संपताच हरलेल्या संघातल्या एकाला धरून शिव्या लिहिण्याची सवय जगभरच्या चाहत्यांना आहे आणि आपली मुले ती मोबाइलवर पाहून उचलतात. समालोचकाने तिथेच पाच मिनिटे घेऊन कोणत्या फेरीत पैसा तुटला, कोणत्या फेरीत संच नसल्याने बॉम्ब राहिला, याची चर्चा घडवावी. मुलांना लिहायचेच असेल तर फेरीचा क्रमांक आणि निर्णय लिहावा, माणसाची जात, देश किंवा घर काढू नये. सामन्यावर पैसे लावण्याची गोष्ट कोणी काढली तर ती जागच्या जागी थांबवावी. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता देतानाच पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि गावात एकदा पैज शिरली की पुढच्या वेळी कोणतीही आई आपल्या मुलाला पाठवणार नाही.

पुढचा सामना निवडताना, ज्या संघाला गावाने आज साथ दिली त्याचाच निवडावा, मग तो जिंकलेला असो वा हरलेला. नावे ओळखीची असली की दुसऱ्या वेळी वीस मिनिटांचे प्रास्ताविक दहावर येते आणि फळ्यावर दुसरा नकाशा काढायला वेळ उरतो.