डिस्चार्जची तयारी ॲडमिट झाल्यापासूनच करा

बेळगावात मोठ्या दवाखान्यात खानापूर, निपाणी, चंदगडकडचे पेशंट येतात, आणि पॅरालिसिस किंवा खुब्याचं ऑपरेशन असलं की डॉक्टर घरी न्या म्हणाले तरी पेशंट तिथंच अडकून पडतो, कारण घरी ना कॉट ना एअरबेड ना कोण बघणारं. म्हणून तब्येत जरा स्थिर झाली की राऊंडच्या वेळी डॉक्टरांना थेट विचारा, साधारण कधी सोडणार आणि घरी काय काय लागणार. एअरबेड, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं मिळतं, ते आधीच घरी पोचू द्या.

नाकातून नळी असेल तर सिस्टरांसमोर स्वतःच्या हातानं भरवून बघा, नुसतं बघून येत नाही. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर पाहिजे, भरवल्यावर निदान अर्धा तास तसंच ठेवायचं, आणि झोपून असलेल्याला दर 2 तासांनी कूस बदलायची. हे जमायला लागलं की घरच्यांची भीती निम्मी जाते, आणि खरं तर उशीर या भीतीनंच जास्त होतो.

इन्शुरन्स कॅशलेस असेल, म्हणजे बिल परस्पर कंपनी भरणार असेल, तर बिलाचे कागद आदल्या संध्याकाळीच पाठवायला सांगा. आयआरडीएआय म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या 2024 च्या नियमाप्रमाणे दवाखान्याची विनंती पोचल्यापासून 3 तासात इन्शुरन्सवाल्यांनी फायनल मंजुरी द्यायची असते, उशीर झाला तर विचारा बिनधास्त.

गोळ्यांच्या वेळा मराठीत लिहून घ्या, आणि गावातल्या आशाताईंना एक फोन आधीच करून ठेवा.